परक्या गावाची वर्गणी

2025 च्या जुलैत अमेरिकेच्या काँग्रेसनं सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी पुढच्या दोन वर्षांचे मंजूर झालेले 1.1 अब्ज डॉलर काढून घेतले. ऑगस्ट उजाडताच, हा पैसा केंद्रांना वाटणाऱ्या कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगनं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. 1967 च्या कायद्यानं उभी राहिलेली संस्था ही. तुमच्यापर्यंत बातमी पोचली असेल तर एनपीआरच्या, म्हणजे नॅशनल पब्लिक रेडिओ या देशभरच्या संस्थेच्या नावानं पोचली असेल. पण एनपीआरला थेट सरकारकडून मिळायचा तो खर्चाचा जेमतेम एक टक्का. खरा फटका बसला गावोगावच्या लहान केंद्रांना. अशाच एका स्थानिक केंद्रानं मला इथलं करून घेतलंय, म्हणून आज लिहायला बसले.

मी राहते आल्बनीजवळ. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ही; न्यूयॉर्क शहराशी तिचा रोजचा काही संबंध नाही. इथलं केंद्र डब्ल्यूएएमसी, 90.3 एफएम. 1958 मध्ये आल्बनी मेडिकल कॉलेजनं ते सुरू केलं, नावातली शेवटची तीन अक्षरं त्या कॉलेजची. मनोरा मात्र शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये, त्या राज्याच्या सर्वांत उंच ग्रेलॉक डोंगरावर. त्यामुळे आवाज सात राज्यांच्या काही ना काही भागात पोचतो.

सकाळी नऊला 'राउंडटेबल' सुरू होतं. आधी पत्रकार, प्राध्यापक वगैरे मंडळी त्या दिवसाच्या बातम्यांवर बोलतात, मग लेखक, नाट्यदिग्दर्शक, वादक येतात. आपल्याकडे जशी दिल्लीची, तशी जुलैत इथे वॉशिंग्टनची बातमी डोक्यावर घोंगावत होती, पण त्याच महिन्यात बर्कशायरच्या डोंगरातल्या जेकब्स पिलो या नृत्यमहोत्सवाचं, 2020 मध्ये जळालेलं डोरिस ड्यूक नाट्यगृह नव्यानं उघडलं. जिथे 1962 मध्ये आपल्या भरतनाट्यम नर्तकी बालासरस्वती नाचल्या, तोच हा महोत्सव. असल्या गोष्टींना इथे वेळ मिळतो. पाहुण्याचं उत्तर संपलं की पुढचा प्रश्न त्या उत्तरातूनच निघतो, हातातल्या कागदावरून नाही. दुपारी 'व्हॉक्स पॉप'मध्ये श्रोत्यांचे फोन घेतात. टोमॅटोची खालची पानं पिवळी का पडतात असं कुणी विचारलं की तज्ज्ञ आधी विचारणार, पाणी किती आणि कधी घालता? घाई कुणालाच नसते. मला हे इतकं आवडतं की भाजी चिरायचं काम मी त्या वेळेसाठी राखून ठेवते.

राजकारणही असंच घरगुती पातळीवर उतरतं. राज्याचा अर्थसंकल्प 1 एप्रिलला व्हायला हवा. 2025 मध्ये तो मे महिन्यावर गेला. आता इथल्या शाळांच्या अर्थसंकल्पावर रहिवासी मेच्या तिसऱ्या मंगळवारी स्वतः मतदान करतात. राज्याकडून किती पैसे येणार हेच ठरलेलं नसताना शाळेनं आकडा मांडायचा कसा, हा गुंता मला या रेडिओमुळे कळला. माझी मुलगी त्याच शाळेत जाते. मालमत्ता करातून शाळेचा पैसा मी भरते. पण मी नागरिक नाही, त्यामुळे मला मत नाही.

रेडिओची वर्गणी मात्र भरता येते.

फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर अशी वर्षातून तीनदा इथे निधी गोळा करण्याची मोहीम चालते. अनेक वर्षं दर खेपेला दहा लाख डॉलरचं लक्ष्य राहिलंय. नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवून निवेदक मागत बसतात, स्वयंसेवक फोन घेतात. कुणी पैसे पाठवले की गावाचं नाव आणि सोबतची चिठ्ठी वाचतात: ट्रॉय, पिट्सफिल्ड, बेनिंग्टन, किंग्स्टन. कुणी गेलेल्या आईच्या नावानं देतं, कुणी म्हाताऱ्या कुत्र्याच्या नावानं, कुणी लिहितं, या महिन्यात एवढंच जमतंय. मोहीम लवकर आटपावी म्हणून काहीजण आधीच 'लॉक्ड बॉक्स'मध्ये पैसे टाकून ठेवतात. जाहिराती नाहीतच; प्रायोजकाचं नाव घेता येतं, पण 'आमच्याकडे या, विकत घ्या' म्हणायला कायद्यानं मनाई. दमडी न देताही जे ऐकायला मिळतं त्यासाठी माणसं खिशात हात घालतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी पार्क करून तशीच बसून राहिले.

म्हणून 'तिकडचे लोक किती जागरूक' हे पालुपद मात्र मला मान्य नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला 1875 मध्ये सुरू केली, तेव्हा जगात रेडिओच नव्हता. पुणे आकाशवाणीनं 1955-56 मध्ये वर्षभर दर आठवड्याला गीतरामायण ऐकवलं आणि घराघरांत लोक रेडिओसमोर हात जोडून बसले. गणपतीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी हे संस्कार घेऊनच मी इथे आले.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्याकडे खासगी एफएमवर वाहतूक, हवामान, पाणी कधी येणार हे सांगता येतं, पण नगरपालिकेत कोण कशावरून भांडलं याची स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावा, एवढीच मुभा. सामुदायिक रेडिओलाही तेच. मग माझ्या सांगलीच्या पुरावर, गाळावर, पंचनाम्यावर मोकळेपणानं तासभर बोलणार कुठे? 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करायचा घाट घातला गेला. ओरडा झाला म्हणून तो थांबला. म्हणजे लोकांना काळजी आहे. ती काळजी व्यक्त करायला हक्काचा माइक नाही. इथला सरकारी पैसा काँग्रेसच्या एका मतदानात गेला तरी माइक गेला नाही, कारण तो आधीपासून श्रोत्यांच्या वर्गणीवर उभा होता. हे मला आपल्याकडे हवंय आणि ते अशक्य आहे असं मला अजिबात वाटत नाही.

उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेनऊ होतात तेव्हा सांगलीत संध्याकाळचे सात, प्रादेशिक बातम्यांची वेळ. ॲपवर त्या ऐकता येतात, अधूनमधून ऐकतेही. पण रोज लावते ते 'राउंडटेबल'. दादा म्हणतो, तू आता तिकडचीच झालीस. मी त्याला सांगितलं, ज्या गावाच्या रस्त्यावर माझी लेक रोज चालते त्या गावात काय चाललंय हे मला ठाऊक असायलाच हवं, आणि त्यात सांगली कुठेही सुटत नाही. त्याला ते पटलेलं नाही. मी ऑक्टोबरमध्ये वर्गणी दुप्पट केली.