योव्हिल्टन, क्यू आणि ली-ऑन-सोलंट : नौदल वैमानिकांच्या लॉगबुकांच्या मागावर

ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेला फ्लीट एअर आर्म म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात या शाखेच्या विमानांतून उडणारा प्रत्येक जण, मग तो पायलट असो, ऑब्झर्व्हर (वाट काढणारा आणि टेहळणी करणारा) असो की सगळ्यात मागे बसणारा टेलिग्राफिस्ट एअर गनर, स्वतःचं लॉगबुक भरत असे. पुठ्ठ्याच्या बांधणीची, रकाने आखलेली वही. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा क्रमांक, सोबत कोण, काम काय, दिवसा किती वेळ, रात्री किती. महिना संपला की बेरीज, आणि बेरजेखाली वरिष्ठाची सही. मी ही लॉगबुकं जमवते. मूळ प्रती मोजक्या, बाकीची फोटोंच्या रूपात. सप्टेंबरात याच कामासाठी दक्षिण इंग्लंडात जाऊन आले.

माझं मत पहिल्यांदाच सांगते. लॉगबुक विकत घेणं हा या छंदाचा सगळ्यात छोटा भाग आहे. ते दुसऱ्या कागदांशी ताडून वाचता आलं, तरच ते खऱ्या अर्थाने आपल्या संग्रहात आलं. म्हणून प्रवासाचा क्रम मी तसाच लावला: आधी अभिलेखागार, मग संग्रहालय, आणि लिलावघर सगळ्यात शेवटी. तुम्हीही तसाच लावा. लिलाव आधी ठेवलात तर काय पाहायचं हे कळायच्या आत हात वर जातो.

निघण्यापूर्वीचं निम्मं काम घरबसल्या आणि फुकट होतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने युद्धकाळातल्या 'नेव्ही लिस्ट' स्कॅन करून इंटरनेटवर ठेवल्या आहेत. नौदल अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, ज्येष्ठतेची तारीख त्यात सापडते. पदकांसाठी 'लंडन गॅझेट' शोधा. माणूस युद्धात गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत त्याचं स्मारक सापडेल. हे सगळं एका कागदावर उतरवूनच विमानात बसा.

लंडनमध्ये क्यूला नॅशनल अर्काइव्ह्ज आहे. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनला उतरायचं, तिथून दहा मिनिटं चालत. रविवारी आणि सोमवारी बंद असतं. मूळ कागद पाहायला वाचकाचं कार्ड काढावं लागतं, त्यासाठी नाव आणि पत्ता दोन्ही सिद्ध करणारी कागदपत्रं लागतात. पासपोर्टबरोबर इंग्रजीतलं, पत्ता असलेलं बँकेचं स्टेटमेंट ठेवा, आणि काय चालेल ते आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल चालते. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. फोनची बॅटरी मात्र दुपारपर्यंत संपते, तेव्हा चार्जर आणि ब्रिटिश प्लग विसरू नका.

मागवायच्या दोन मालिका लक्षात ठेवा. एडीएम म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याचे कागद; त्यातल्या एडीएम २०७ मध्ये फ्लीट एअर आर्मच्या स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमान-तुकड्यांच्या, डायऱ्या आहेत. सगळ्या स्क्वाड्रनच्या नाहीत, म्हणून कॅटलॉगमध्ये क्रमांक टाकून खात्री करा. एडीएम १९९ मध्ये मोहिमांचे अहवाल आहेत. हवाई दलाची काही लॉगबुकं एआयआर ४ या हवाई खात्याच्या मालिकेत ठेवलेली आहेत. युद्धानंतर हवाई दलाकडे पडून राहिलेल्या आणि कोणी न मागितलेल्या लॉगबुकांपैकी नमुन्यादाखल थोडी जपून बाकीची १९६०च्या सुमारास नष्ट केली गेली. हे वाचल्यावर कुठल्याही माळ्यावर, कुठल्याही ट्रंकेत उरलेलं एकेक लॉगबुक किती मोलाचं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

ताडून वाचणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. माझ्याकडे 'व्हिक्टोरियस' या विमानवाहू नौकेवरच्या १८३४ स्क्वाड्रनच्या एका कॉर्सेअर (अमेरिकन बनावटीचं लढाऊ विमान) पायलटच्या लॉगबुकाचे फोटो आहेत. हा मुलगा अमेरिकेत पेन्साकोलाला शिकला. त्या काळी टॉवर्स योजनेखाली कितीतरी ब्रिटिश नौदल पायलट अमेरिकन नौदलाच्या तळांवर तयार होत. जानेवारी १९४५च्या पानावर २४ आणि २९ तारखेला दोन नोंदी आहेत. जागेचं नाव आणि उड्डाणाची वेळ, बस्स. आता अहवाल उघडा. ब्रिटिश पॅसिफिक फ्लीट १६ जानेवारीला त्रिंकोमालीहून ऑस्ट्रेलियाकडे निघालं होतं, आणि वाटेत सुमात्रातल्या पालेंबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर त्याने दोन हल्ले केले: २४ला प्लाजूवर, २९ला सुंगेई गेरोंगवर. 'व्हिक्टोरियस'बरोबर 'इंडोमिटेबल', 'इलस्ट्रियस' आणि 'इंडिफॅटिगेबल' होत्या. कारखान्यांवर जाड तारांना बांधलेले फुगे सोडलेले होते, आणि अ‍ॅव्हेंजर या बॉम्बफेकी विमानांना त्यांच्यामधून खाली उतरायचं होतं. पकडल्या गेलेल्या वैमानिकांपैकी नऊ जणांना जपान्यांनी पुढे सिंगापुरात ठार मारलं. लॉगबुकातल्या त्या दोन ओळींत यातलं काही नाही. पण ३० तारखेपासून पुढच्या ओळींचं अक्षर पाहा: तेच अक्षर, तीच शाई, गस्त, सराव, गस्त. वीस-बावीस वर्षांचा मुलगा आपल्या कामाचा हिशेब लिहितो आहे. मला या वह्यांबद्दल जे वाटतं ते इथून येतं.

क्यूनंतर योव्हिल्टन. सॉमरसेटमध्ये ए३०३ रस्त्याजवळ नौदलाचा विमानतळ आहे आणि त्याला लागून फ्लीट एअर आर्म म्युझियम. लंडनहून रेल्वेने दोन वाटा: वॉटर्लूहून योव्हिल जंक्शन, किंवा पॅडिंग्टनहून कॅसल कॅरी. दोन्हीकडून पुढे टॅक्सी घ्यावी लागते. बसच्या भरवशावर राहू नका, आणि परतीची टॅक्सी सकाळीच ठरवून ठेवा. माझ्याबरोबर पुतण्या होता, तो गाडी चालवत होता, म्हणून हे सोपं गेलं. हिवाळ्यात आठवड्यातले काही दिवस संग्रहालय बंद असतं.

इथे एक दिवस पूर्ण द्या. लॉगबुकात जे प्रकार नुसते नावाने भेटतात ते सगळे इथे उभे आहेत. एन१८५४ हे जगात उरलेलं एकमेव फेअरी फुल्मर लढाऊ विमान इथे आहे. कॉर्सेअर केडी४३१ पाहायला तर मी पुन्हा जाईन. नंतरच्या काळात त्यावर चढवलेला रंग संग्रहालयाच्या लोकांनी वर्षानुवर्षं हाताने, इंच इंच खरवडून काढला आणि खालचा युद्धकाळातला मूळ रंग उघडा केला. तुमच्याकडच्या एखाद्या लॉगबुकात विमान-क्रमांकाच्या रकान्यात केडी४३१ दिसलं, तर तो हात ज्या विमानावर होता ते विमान तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता.

स्वोर्डफिशसमोर जरा जास्त वेळ उभं राहा. कापड ताणलेलं दुपंखी विमान, तीन माणसं उघड्यावर, आणि वेग ताशी जेमतेम २२० किलोमीटर. ११ नोव्हेंबर १९४०च्या रात्री असल्या २१ विमानांनी 'इलस्ट्रियस'वरून उडून तारांतोच्या बंदरात इटलीच्या युद्धनौका निकामी केल्या. १२ फेब्रुवारी १९४२ला लेफ्टनंट कमांडर यूजीन एस्मंड यांच्या नेतृत्वाखाली ८२५ स्क्वाड्रनची सहा विमानं इंग्लिश खाडीत जर्मन युद्धनौकांवर गेली. एकही परतलं नाही. अठरा जणांपैकी पाच वाचले, आणि एस्मंड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

संग्रहालयाचं अभिलेखागार वेगळं आहे, तिथे थेट जाऊन उपयोग नाही. बऱ्याच आधी लिहून वेळ ठरवा. पत्रात नुसतं 'लॉगबुकं पाहायची आहेत' असं लिहू नका. माणसाचं नाव, स्क्वाड्रन आणि महिने लिहा. नेमकं विचारलं की तिथली माणसं मनापासून मदत करतात. जवळच योव्हिल्टन गावातलं सेंट बार्थोलोम्यू चर्च आहे, ते फ्लीट एअर आर्मचं स्मारक-चर्च. बाजूला नौदलाची दफनभूमी आहे.

आता लिलावघर. लिलावाआधी माल हाताळून पाहायचे दिवस असतात, ते चुकवू नका. स्कॅनवरून लॉगबुक घेऊ नका. हातात आलं की पहिल्यांदा बेरजा तपासा. प्रत्येक पानाची बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर जाते, तिथून महिन्याच्या गोषवाऱ्यात, तिथून एकूण तासांत. कोणी मागाहून एखादी प्रसिद्ध मोहीम घुसवली असेल तर तास कुठेतरी अडतात. एका लॉगबुकावर मी अक्षर आणि शिक्के पाहत होते, तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काकू, ही ओळ धरली तर बेरीज जमत नाही, सोडली तर जमते." ओळ दोन ओळींच्या मध्ये दाटून लिहिलेली होती. आम्ही ते लॉगबुक खाली ठेवलं. खरे पायलटही बेरजेत चुकत, पण त्यांची चूक वरिष्ठाने दुरुस्त केलेली दिसते आणि पुढचे आकडे त्या दुरुस्तीप्रमाणे चालतात.

त्यानंतर विमानांचे क्रमांक. ब्रिटिश कॉर्सेअरचे क्रमांक जेटी, जेएस, केडी आणि केईने सुरू होतात. कॉर्सेअरसमोर भलतीच अक्षरं दिसली तर थांबा. डेक लँडिंगच्या नोंदी बघा: 'डीएल' म्हणजे नौकेवर उतरणं, 'एडीडीएल' म्हणजे धावपट्टीवर केलेला त्याचा सराव. एडीडीएल नसताना एकदम डीएल सुरू होत असतील तर आधीचं लॉगबुक हरवलेलं असावं. लाल शाई कशासाठी वापरली, रात्रीसाठी की मोहिमेसाठी, हे मात्र त्या त्या वहीवरूनच ठरवा. आणि अपघाताची खूण असली की तारीख टिपून घ्या, कारण अपघाताचा ए-२५ हा फॉर्म भरावा लागे आणि त्याचा माग वेगळ्या कागदांत लागू शकतो.

लोक पायलटांच्या मागे धावतात, त्यातही तारांतो, किंवा बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका, अशी नावं असली की किमती कुठच्या कुठे जातात. माझा सल्ला असा की टेलिग्राफिस्ट एअर गनरांची लॉगबुकं बघा. हे शिपाई दर्जाचे लोक, वायरलेसची चावी आणि मशीनगन दोन्ही सांभाळणारे. वर्दी डाउन इथे, पुढे कॅनडात नोव्हा स्कॉशियातल्या यार्मथला शिकलेले. त्यांच्या वह्यांत पायलटचं नाव प्रत्येक ओळीत असतं, म्हणजे एका वहीतून दहा-वीस वैमानिकांचा माग लागतो. तरीही त्यांना विचारणारं फारसं कोणी नसतं, आणि हे मला फार लागतं.

बोली लावताना हातोड्याच्या किमतीवर लिलावघराची दलाली आणि तिच्यावरचा कर धरा. पदकं, पत्रं, फोटो आणि लॉगबुक एकत्र विकायला आलं असेल तर एकत्रच घ्या, नाहीतर सोडा. निव्वळ पदकं ठेवून लॉगबुक वेगळं विकणारे आहेत. एका माणसाचं आयुष्य असं फोडणं मला चुकीचं वाटतं, आणि मी त्यांच्याकडून घेत नाही.

भारतात आणायचं असेल तर दोन कायदे आधी वाचा. ब्रिटनमधून पन्नास वर्षांहून जुनी हस्तलिखितं आणि कागदपत्रं बाहेर नेताना किंमत कितीही कमी असली तरी निर्यात परवान्याचा प्रश्न येतो. हे काम आर्ट्स काउन्सिल इंग्लंड पाहतं, आणि लिलावघर अर्जात मदत करतं. दुसरा आपल्याकडचा, १९७२चा पुरावस्तू कायदा. त्यात ऐतिहासिक मूल्य असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित वा दस्तऐवज पुरावस्तू धरलं जातं, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे उद्या त्या पायलटच्या नातीने ते परत मागितलं तर तुम्हाला ते देता येणं कठीण. याच कारणाने यावेळी घेतलेलं एक लॉगबुक मी पुतण्याकडे इंग्लंडातच ठेवलं आणि प्रत्येक पानाचे फोटो घेऊन आले.

ली-ऑन-सोलंट या किनाऱ्यावरच्या गावातलं फ्लीट एअर आर्मचं स्मारक अर्ध्या दिवसात होतं. पोर्ट्समथ हार्बर स्टेशन, समोरून गॉस्पोर्टची फेरी, पुढे बस. ज्यांचं थडगं नाही अशा १,९०० हून अधिक जणांची नावं समुद्राकाठी कोरलेली आहेत. आधी कमिशनच्या यादीतून फलक क्रमांक लिहून न्या.

हिंदी महासागरात काम केलेल्या लॉगबुकांत आपल्या ओळखीची नावं येतात: कोचीन, तांबरम, सुलूर, श्रीलंकेतलं कटुकुरुंडा आणि चायना बे. युद्धानंतर भारतीय नौदलाची हवाई शाखा याच परंपरेतून उभी राहिली. विक्रांतवरच्या सी हॉकची ३०० स्क्वाड्रन १९६० साली वेल्समध्ये ब्रॉडीच्या ब्रिटिश नौदल तळावर स्थापन झाली. इंग्लंडला जाणं जमणार नसेल तर गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथलं फेअरी फायरफ्लाय बघा. याच प्रकारची विमानं पालेंबांगच्या हल्ल्यातही होती. ऑब्झर्व्हरची कॉकपिट पायलटपासून किती मागे, किती एकटी आहे ते तिथे नीट दिसतं. संग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि विमानं उघड्यावर असल्याने सकाळी लवकर गेलेलं बरं.