पितळेचं इंजिन, मुक्काम दारव्हा

पावसानं फवारणी बंद, म्हणून आज रेल्वे इंजिनाच्या पितळी मॉडेल किटचं बॉयलर काढलं. इंजिन विलायती, 1:76 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्श्याएवढं. सगळे भाग सपाट पत्र्यावर आम्लानं कोरून येतात. जिथं वाकवायचं तिथं पत्रा निम्मा झिजवलेला. ती रेघ आत ठेवून घडी घालायची. रिव्हेट मात्र आपणच उठवायचे. मागच्या बाजूला खसखशीएवढे खड्डे असतात, त्यात बोथट सुई ठेवून हलकेच टिचकी. जोर जास्त झाला की भोक! डाग देताना तर पितळ सगळी आच ओढून नेतं, मोबाईलवाल्याची बारीक सोल्डरिंग आयर्न तिथं हात टेकते.

आबाजी बाजूला बसून पाहत होते. "हे आपली शकुंतला होय का रे बापू?"

नाही म्हटलं. शकुंतला म्हणजे दारव्ह्यावरून जाणारी जुनी छोटी गाडी; तिच्या दोन रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर होतं, हे त्याहून रुंद रुळांवरचं. आबाजींना त्याचं काय! 1994 साली वाफ गेली न् डिझेल आलं, तो राग अजून आहे. "मूर्तिजापूरहून येऊन सदरा काळा नाही झाला, तं ते गाडी कायची?"

मग विजेची लाईनच गेली. धुराडं उद्या, लाईन राहिली तर.