तुमचा रेडा जिंकला का?

सोमवारी सकाळी आईचा फोन येतो, म्हणजे माझी सकाळ आणि तिची संध्याकाळ, आणि सप्टेंबर ते जानेवारी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय गं, तुमचा रेडा जिंकला का?" बफेलो बिल्स ही आमच्या शहराची अमेरिकन फुटबॉलची टीम, तिच्या हेल्मेटवर निळ्या रंगाचा झेपावणारा प्राणी आहे, तो अमेरिकन गवा आहे गं आई, आणि टीमचं नाव तर बफेलो बिल कोडी नावाच्या जुन्या काउबॉय शोवाल्या माणसावरून पडलंय, हे मी तिला निदान चारदा समजावलंय. काही उपयोग नाही. रेडा म्हणजे रेडा. २०२२च्या जानेवारीत कॅन्सस सिटीला हरलो तेव्हा मी रडवेली होऊन सगळी कथा सांगितली तर म्हणते कशी, "ज्ञानोबांच्या रेड्याने वेद म्हटले, तुमच्याला १३ सेकंद दम धरता येईना?" आता यावर काय बोलणार.

मी बफेलोला आले २००९ ला, शिकायला. क्रिकेटवर वाढलेली, त्यामुळे ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात आणि ज्यात पायाने बॉल मारायचं काम एकदोन जणांनाच दिलेलं असतं त्याची मला आधी चेष्टाच वाटायची. आम्ही भाड्याने राहायचो ते इथलं टिपिकल दुमजली लाकडी घर, वर आम्ही मुली, खाली घरमालक आजोबा. रविवारी दुपारी एक वाजला की खालून ओरडणं सुरू व्हायचं, आणि मग एक लांब शांतता, आणि मग दार आपटल्याचा आवाज. एकदा भाड्याचा चेक द्यायला गेले तर म्हणाले बस, आणि पेपर नॅपकिनवर समजावलं: चार चान्स, तेवढ्यात १० यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार मिळतात, नाही गेलात तर बॉल समोरच्याला. टचडाउनचे ६ आणि वर एक एक्स्ट्रा, आणि अगदीच अडकलात तर किकरला बोलवायचं, त्याने दोन पिवळ्या खांबांच्या मधून बॉल घातला की ३. एवढंच. बाकीचे नियम अजून शिकतेच आहे.

त्या सीझनला आम्ही १६ पैकी ६ जिंकलो. मी "आम्ही" कधी म्हणायला लागले ते मात्र आठवत नाही.

हे सांगायला हवं की मी अगदी चुकीच्या वेळी आले होते. १९९९च्या सीझननंतर टीम प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, गेलीच नव्हती आणि पुढे २०१७ पर्यंत जाणार पण नव्हती, १७ सीझन कोरडे. दरवर्षी नवा क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल फेकणारा, टीमचा खेळ चालवणारा), नवा कोच, नवी आशा, आणि नोव्हेंबरपर्यंत सगळं आटोपलेलं. मी आजोबांना विचारलं होतं की तुम्ही का बघता मग, सोडून द्या ना. तर ते उठले आणि १९९१ काढलं. बफेलोत कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला बिल्सबद्दल विचारा, तो १९९१ काढतोच.

झालं असं होतं. त्या वेळी बिल्सची टीम जबरदस्त होती, जिम केली क्वार्टरबॅक, थर्मन थॉमस, आंद्रे रीड, समोरच्याच्या क्वार्टरबॅकला धडकी भरवणारा ब्रूस स्मिथ, आणि कोच मार्व लेव्ही. खेळायची पद्धत अशी की दोन प्लेच्या, म्हणजे चालींच्या, मध्ये घोळका करून ठरवाठरवी करायचीच नाही, सरळ पुढचा प्ले, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. २७ जानेवारी १९९१, टॅम्पाला सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, समोर न्यूयॉर्क जायंट्स. जायंट्सने यावर उपाय काढला तो म्हणजे बॉलच द्यायचा नाही, ६० मिनिटांच्या मॅचमध्ये ४० मिनिटांहून जास्त बॉल त्यांच्याकडे, हळूहळू रांगत पुढे जायचं, तिकडे आपला केली बाकावर बसून चडफडतोय. तरी शेवटी स्कोअर २०-१९, ८ सेकंद उरलेली, बॉल आपला. स्कॉट नॉरवुड नावाचा किकर आला. ४७ यार्ड. बॉल लांबीला पुरला, उंचीला पुरला, आणि उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. "वाइड राइट". हे दोन शब्द बफेलोत आजही हळू आवाजात बोलतात, घरात सापाचं नाव घेत नाहीत तसं.

पण आजोबांची गोष्ट इथे संपत नव्हती, इथे सुरू होत होती. दुसऱ्या दिवशी टीम परत आली, सोमवार, जानेवारीतली थंडी, आणि नायगारा स्क्वेअरला सिटी हॉलसमोर हजारो लोक हरलेल्या टीमला बघायला जमले. आजोबा पण गेले होते, पोराला खांद्यावर घेऊन. भाषणं चालू होती आणि गर्दीतून कुणीतरी सुरू केलं, आम्हाला स्कॉट हवा, आम्हाला स्कॉट हवा, आणि सगळा चौक तेच ओरडायला लागला. नॉरवुड मागे कुठेतरी होता, त्याला पुढे आणलं, तो माइकसमोर आला आणि त्याला नीट बोलता येईना. आजोबा सांगताना म्हणाले की पोरगा वरून विचारत होता, बाबा हाच ना तो ज्याने चुकवली? आणि त्यांनी सांगितलं, हो हाच तो.

मी त्या दिवशी खाली गेले होते चेक द्यायला, वर आले तेव्हा बिल्सची झाले होते बहुतेक.

पुढची तीन वर्षं टीम पुन्हा सुपर बोलला गेली. लागोपाठ चार, असं दुसऱ्या कुठल्याच टीमने केलेलं नाही. आणि चारही हरलो, हे पण दुसऱ्या कुणी केलेलं नाही. तिसऱ्यात डॅलसने ५२-१७ ने धुतलं, पण त्या मॅचमधला एक प्ले मी शंभर वेळा बघितला असेल. मॅच संपल्यात जमा आहे, डॅलसचा लिऑन लेट नावाचा धिप्पाड गडी पडलेला बॉल उचलून एकटा पळत सुटलाय, गोल लाइनच्या जरा अलीकडे त्याने ऐटीत हात बाजूला काढला, बॉल मिरवत, आणि मागून आपला डॉन बीबी मैदानभर जिवाच्या आकांताने पळत येतो आणि तो बॉल त्याच्या हातातून उडवतो. स्कोअरला काहीएक फरक पडला नाही. ५२ चे ५८ झाले असते तरी हरलोच असतो. पण बीबी पळाला. त्याच सीझनला, महिनाभरापूर्वीच, ह्यूस्टनविरुद्ध ३५-३ असे मागे पडून ओव्हरटाइमला ४१-३८ जिंकलो होतो, जिम केली जखमी असताना, बदली क्वार्टरबॅक फ्रँक राइकला घेऊन. हा राइक म्हणजे १९९१ ला नॉरवुडने किक मारली तेव्हा बॉल जमिनीवर धरून बसलेला माणूस. असल्या गोष्टी इथे लोकांना घरच्यांच्या वाढदिवसासारख्या पाठ असतात.

बरं, १७ वर्षांचा दुष्काळ कसा संपला ते ऐका, कारण तो पण आम्ही स्वतः संपवला नाही. ३१ डिसेंबर २०१७. बिल्सनी मायामीला जाऊन मॅच जिंकली पण तेवढ्याने भागत नव्हतं, बाल्टिमोरने सिनसिनाटीकडून हरायला हवं होतं. टीमची सगळी पोरं लॉकर रूममध्ये टीव्हीसमोर, आणि आम्ही सगळे घरात टीव्हीसमोर. सिनसिनाटीचा शेवटचा चान्स, १२ यार्ड पुढे जायचंय, मिनिटभर पण उरलेलं नाही, आणि अँडी डाल्टनने टायलर बॉइडला फेकलेला बॉल ४९ यार्डांचा टचडाउन होऊन बसला. मी किंचाळले, खालून आजोबा किंचाळले, आम्ही जिन्यात भेटलो. त्या रात्री हाडं गोठवणाऱ्या थंडीत लोक एअरपोर्टवर टीमला घ्यायला गेले, न्यू इयर वगैरे बाजूला ठेवून. आणि मग बिल्सवाल्यांनी काय केलं तर डाल्टनच्या फाउंडेशनला पैसे पाठवायला सुरुवात केली, आजारी मुलांसाठीचं फाउंडेशन, १७ वर्षांचे म्हणून १७-१७ डॉलर. लाखांत गेली रक्कम. दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या टीमचा माणूस!

टीव्हीवर आमचं काय दाखवतात तर पार्किंग लॉटमध्ये फोल्डिंगच्या टेबलावर उड्या मारून ती मोडणारे येडे. आहेत, खोटं नाही, मी डोळ्यांनी बघितलेत आणि त्यातला एक माझ्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. पण हीच माणसं. २०२० ला आमचा क्वार्टरबॅक जॉश अॅलनची आजी गेली तर त्याच्या जर्सीचा नंबर १७ म्हणून पुन्हा १७-१७ डॉलर, इथल्या ओइशी चिल्ड्रन्स हॉस्पिटलला, दहा लाख डॉलरच्या वर गेले. आमचा खेळाडू डमार हॅमलिन २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत मैदानावर कोसळला, हृदय बंद पडलं, सीपीआर चालू होता आणि बाकीचे खेळाडू भोवती कडं करून रडत होते, ती रात्र मला अजून नीट लिहिता येत नाही. त्याने खेळण्यांच्या वाटपासाठी एक छोटा फंड काढून ठेवला होता, टार्गेट होतं २,५०० डॉलर, लोकांनी त्याचे ८० लाखांच्या वर केले. शुद्धीवर आल्यावर त्याने कागदावर लिहून विचारलं की मॅच जिंकलो का. आईला हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्याच्या आईचं काय झालं असेल गं.

आता ते १३ सेकंद. मला लिहायचंच नाहीये पण सोडलं तर ब्लॉगला अर्थ नाही. २३ जानेवारी २०२२, कॅन्सस सिटी, शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही टीमनी मिळून २५ पॉइंट केले. अॅलनने गेब डेव्हिसला दिलेला टचडाउन, त्याचा त्या मॅचमधला चौथा, आणि ३६-३३ आम्ही पुढे, १३ सेकंद बाकी. तेरा. किकऑफ पार गोल लाइनच्या मागे, एंड झोनमध्ये मारली म्हणजे घड्याळ हललंच नाही, मग त्यांचा क्वार्टरबॅक महोम्सने दोन पास फेकले, ४४ यार्ड, आणि त्यांच्या किकरने ४९ यार्डांवरून बरोबरी केली. ओव्हरटाइमचा टॉस हरलो, त्यांनी पहिल्याच फटक्यात टचडाउन मारला, मॅच खलास, अॅलनला बॉलला हात पण लावायला मिळाला नाही. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा. यानंतर लीगने प्लेऑफसाठी नियम बदलला, आता दोघांनाही बॉल मिळतो, म्हणजे आमच्या जिवावर नियम सुधारला. मी तीन दिवस धड जेवले नाही. नवरा म्हणाला अगं एवढं काय, तो कॅलिफोर्नियाचा आहे, त्याला काय कळणार.

२०२४च्या जानेवारीत स्टीलर्सविरुद्धची प्लेऑफ मॅच बर्फामुळे रविवारची सोमवारी ढकलली. ऑर्चर्ड पार्कच्या स्टेडियमला छप्पर नव्हतं, टीमने जाहीर केलं की फावडं घेऊन या, तासाला २० डॉलर देतो, बर्फ काढा. नवरा गेला! मॅच न कळणारा नवरा फावडं घेऊन गेला. तरी सगळा बर्फ निघाला नाहीच, आम्ही सोमवारी गेलो तर सीट शोधायला आधी खणावं लागलं, लोक कमरेएवढ्या बर्फात बसले होते आणि टचडाउन झाला की मूठमूठ बर्फ हवेत. मॅच जिंकलो.

आणि पुढच्याच रविवारी, पुन्हा कॅन्सस सिटी, या वेळी आपल्या घरी, २७-२४ ने मागे, पावणेदोन मिनिटं उरलेली. आमचा किकर टायलर बास, ४४ यार्ड. बॉल उजवीकडे गेला. टीव्हीवरचा माणूस "वाइड राइट" म्हणाला आणि आमच्या खोलीत कुणीच काही बोललं नाही. आजोबा खुर्चीत होते, आता त्यांना जिना चढवत नाही म्हणून आम्हीच खाली जातो, ते फक्त पडद्याकडे बघत राहिले.

रात्रीत बासला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की पोराने सोशल मीडिया बंद केला. मला वाटलं, संपलं, १९९१चे लोक आता राहिले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढलं की हा बास इथल्या मांजरांच्या एका रेस्क्यूला मदत करतो, आणि सुरू झालं. बासच्या नावाने मांजरांना पैसे. लाख डॉलरच्या वर गेले. मी पण दिले, आजोबांनी मला खिशातून दोन नोटा काढून दिल्या आणि माझे पण त्यात घाल म्हणाले, ऑनलाइन त्यांना जमत नाही. आईला सांगितलं तर तिला ही गोष्ट भयंकर आवडली, तिच्याकडे स्वतःच्या तीन आहेत. तेव्हापासून सगळ्या टीममध्ये ती एकालाच ओळखते. जॉश अॅलन माहीत नाही. "मांजरवाला" माहीत आहे.

३ नोव्हेंबर २०२४, मायामी आमच्याकडे आली होती. २७-२७. शेवटी पाच सेकंद वगैरे उरलेली आणि बासला बोलावलं, ६१ यार्ड. एकसष्ट! टीमच्या इतिहासात एवढी लांब कुणीच घातलेली नव्हती. आम्ही स्टेडियममध्ये होतो, माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाने पाठ फिरवली, बघायचंच नाही म्हणाला, आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला, आमच्या चेहऱ्यांवरून काय ते कळेल म्हणून. बॉल गेला, मधोमध गेला.

घसा बसला होता, सोमवारी सकाळी फोनवर नीट आवाज पण येईना.

"काय गं, रेडा जिंकला का?"

"जिंकला."

"आणि मांजरवाला?"

"त्यानेच जिंकवलं आई."

"हां," म्हणाली, "मग ठीक," आणि मला घशासाठी हळदीचं दूध प्यायला सांगून फोन ठेवला.