झेरॉक्सने नेमकं काय घालवलं?

वर्गात झेरॉक्स कंपनीच्या 'अल्टो' या जुन्या कंप्युटरचा फोटो दाखवला की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, झेरॉक्स म्हणजे आपण काढतो तीच ना? मग माऊसवाला कंप्युटर त्यांनी बनवला, तर तो त्यांच्या हातून गेला कसा?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

१९७० मध्ये झेरॉक्सने कॅलिफोर्नियात, पालो अल्टोला, पार्क हे संशोधन केंद्र काढलं. तिथली रीत मला मनापासून आवडते. दहा वर्षांनी जे स्वस्त होणार, ते आजच पडेल त्या किमतीत बनवायचं आणि रोजचं काम त्यावरच करायचं. १९७३चा अल्टो असा घडला. एकाच मोठ्या कंप्युटरवर अनेकांनी वाटून काम करायच्या त्या काळात माणशी एक यंत्र!

तो गेला कसा, तर कंपनी वाढली होती कॉपी मशीन भाड्याने देऊन आणि प्रतीमागे पैसे घेऊन. कंप्युटर त्या हिशेबात बसेना. १९८१ मध्ये 'स्टार' नावाचा कंप्युटर विकायला आणला, किंमत १६ हजार डॉलरच्या वर. त्याच वर्षी आयबीएमचा पीसी १,५६५ डॉलरपासून मिळू लागला. तरी सगळंच गेलं असं म्हणू नका. लेझर प्रिंटर पार्कमध्येच आकाराला आला आणि त्यावर झेरॉक्सने भरपूर कमावलं.

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. १९८८च्या सुमारास पार्कमधल्या मार्क वायझरने पुढचा विचार मांडला: खोलीत शेकडो कंप्युटर असावेत, काही बोटाएवढे, काही वहीएवढे, काही फळ्याएवढे. वहीएवढे 'पॅड' कुणाच्याच मालकीचे नसावेत. कोरे कागद टेबलावर पडलेले असतात तसे ते पडलेले असावेत. हाताला येईल तो उचलावा, काम झालं की ठेवून द्यावा. रस्त्यावरची पाटी आपण वाचतो, पण वाचतोय हे जाणवतही नाही. कंप्युटर तितका सहज व्हावा, अशी त्याची इच्छा होती. १९९९ मध्ये, पन्नाशीही गाठली नव्हती तेव्हा, तो गेला.

संख्येचं त्याचं म्हणणं खरं ठरलं. बाकीचं तपासायला मी वर्गात विचारते, "आपला फोन बाकावर ठेवून शेजाऱ्याचा उचलाल? दिवसभर त्यावर काम कराल?"

आजवर एकही हात वर आलेला नाही.