फ्लेक्सवरचं 'पै.'

पालिकेच्या आरक्षण सोडतीत आमच्या प्रभागात ओपन लेडीज पडलं आणि त्याच रात्री दारात पंधरा-वीस चपलांचे जोड जमले. मी आत चहा टाकत होते, बाहेर ठरलं: वहिनींना उभं करायचं. २०११ पासून महाराष्ट्रात पालिकेच्या निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यामुळे पुण्यात 'नगरसेविकेचे पती' हे एक पदच झालंय. आमच्याकडे त्याचीच तयारी चालू होती.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सचं डिझाइन व्हॉट्सॲपवर आलं. मधोमध हे, फेटा, जोडलेले हात, नावाआधी ठळक 'पै.'. कोपऱ्यात मी, डोक्यावर पदर, 'सौ.'. उमेदवार कोण, हे मलाच दोनदा बघावं लागलं.

मी आठ वर्षं खो-खो खेळले, दोनदा राज्याकडून. टिळक रोडच्या मैदानावर पोल डाइव्ह मारताना फुटलेल्या गुडघ्याचा व्रण अजून आहे. लग्न झालं तेव्हा ह्यांची कुस्ती जोरात होती. रात्री पन्नास बदाम भिजत घालायचे, पहाटे सोलून कुंडीत घोटायचे. माझं मैदान कधी सुटलं त्याची तारीख नाही सांगता यायची.

हे काही जुनाट विचारांचे नाहीत हो. २८ मे २०२३ला दिल्लीत आंदोलन करणाऱ्या पैलवान पोरींना, विनेश फोगाट-साक्षी मलिकला, पोलिसांनी उचललं, त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नाही. शुक्रवार पेठेतल्या तालमीत कुणीतरी म्हणालं, "पोरींनी कशाला राजकारण करावं?" त्याला ह्यांनी असा झापला की तो आठवडाभर फिरकला नाही. त्याच वर्षी प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तर तालमीत पेढे ह्यांनीच वाटले.

तर मी विचारलं, "अहो, माझ्या नावापुढे काही नको का?"

"सौ. आहे की."

"मग तुमच्या पुढे नुसतं श्री. लावा."

"लोक ओळखतात गं पैलवान म्हणून."

"विनेश हरियाणात जुलान्यातून ६,०१५ मतांनी आमदार झाली. तिचा नवरा सोमवीर पैलवानच आहे ना? मतं कुणाच्या नावावर पडली?"

"तिची गोष्ट वेगळी. ती स्वतः खेळाडू आहे."

बोलून गेले आणि मग माझ्या गुडघ्याकडे बघत बसले.

संध्याकाळी डिझायनरला फोन झाला. आता मी मधोमध, 'माजी राज्य खो-खोपटू'. खेळतानाचा फोटो पाहिजे म्हणे. ट्रंकेत एक सापडलाय, पण त्यात मी हाफ पँटमध्ये आहे. सासूबाईंना आधी दाखवावा का थेट चौकातच दिसू द्यावा, हे ठरत नाहीये.