यादीतलं 'इतर'

नव्या नोकरीच्या फॉर्ममध्ये शिक्षणाची यादी उघडली. बी.ई., बी.टेक., एम.टेक. माझा डिप्लोमा कुठेच नाही. तळाशी 'इतर'. एवढंच. पण संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पावसात काय होतं ते कुठल्या पदवीत शिकवतात? केबलचा ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथली घट्ट बसणारी टोपी, सैल राहिला की जंक्शन बॉक्समध्ये पाणी उतरतं. वायर तुटली तर काम सोपं. पाइपावरचा ट्रान्समीटर दाब मोजून तो करंटच्या रूपात पॅनलला कळवतो: ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य बार दाब, २० म्हणजे १० बार. करंटच गेला की पडद्यावर उणे २.५ येतो, शेंबडं पोरही ओळखेल. ओल वाईट. टर्मिनलांमध्ये ओल धरली की थोडा करंट ट्रान्समीटरला वळसा घालून जातो. १२ च्या जागी १२.८ आले की ५ बारचे ५.५ दिसतात आणि कुणाला संशयसुद्धा येत नाही. अशा वेळी ट्रान्समीटरपाशी मीटर सिरीजमध्ये लावायचा आणि पॅनलवरच्या आकड्याशी ताडून बघायचा. फरक आला तर दोष मधल्या बॉक्समध्ये. केबल वरून घेतलेली असते, बहुतेक वेळा. ती खालून घ्यायची असते.

यात ओहमच्या नियमापलीकडे काय आहे? तो दहावीतच होतो.

मग पदवी फुकटची का? नाही ना, तेच तर खुपतं. लूप, म्हणजे दाब आपोआप सांभाळणारी यंत्रणा, हेलकावे खाऊ लागला की गेन, म्हणजे तिच्या प्रतिसादाचा जोर, कमी करणं हाताला जमतं. तो नेमका त्याच वेगाने का हेलकावतो, हे कागदावर मांडायला लाप्लास लागतो, पदवीतलं गणित. तिथे 'इतर' गप्प बसतो. सौदीला गेलेल्यांचंही तेच. तिथल्या इंजिनिअर कौन्सिलकडे डिप्लोमावाल्याची नोंद तंत्रज्ञ म्हणूनच होते, हात कितीही चालो. भावोजींचं... असो.

पण यादी करणाऱ्याने एक ओळ जास्त टाकली असती तर काय बिघडलं असतं?

वहिनी म्हणते, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला जा की. डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, तीन वर्षांत मोकळा. बरोबर आहे. फक्त वर्ग दिवसभर, म्हणजे नोकरी सोडायची, आणि बसल्या बसल्या समोर तिसऱ्या सेमिस्टरचं गणित. बाकावरची पोरं काका म्हणणार. म्हणू देत, प्रॅक्टिकलला माझ्याच टेबलाभोवती गर्दी करतील.