सोलापुरात जंगल कुठंय बे?

गड्ड्याची जत्रा संपत आली होती, पण होम मैदानावरचे पाळणे अजून उतरवले नव्हते. पहाटे साडेपाचला तिथल्या टपरीवर चहा घेताना चहावाल्यानं सायकलींकडं बघून विचारलं, "कुठं निघालाव?"

"जंगल बघायला," दोस्त म्हणाला.

चहावाला मनापासून हसला. "सोलापुरात जंगल कुठंय बे? विजापूर रोडचा वनविहार सोडला तर?"

त्याला काय बोलणार! सायकल घेतल्यापासून चार वर्षं मीही तेच धरून चाललो होतो. जंगल म्हणजे सह्याद्री, नदी म्हणजे कोकणातली. सायकल गाडीच्या टपावर बांधायची, सहा तास जायचं, दोन तास चालवायची आणि परत यायचं. यंदा डिझेलचा हिशेब केला आणि ठरवलं, घराच्या उंबऱ्यापासूनच पायडल मारायचं. दोन दिवसांची एक फेरी: नान्नज, वैराग, बार्शी, येडशीचं रामलिंग, धाराशिव, तुळजापूर आणि परत. मग पुढच्या रविवारी हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम.

बार्शी रोडला जानेवारीत सकाळी ईशान्येचं वारं असतं. ते समोरून येत नाही, उजव्या गालावर येतं. चढ नाही, घाट नाही, तरी वेग वीसच्या पुढं सरकत नाही. शिवाय कारखाने चालू, म्हणजे रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर. त्यांच्या मागं लागलं की वारं अडतं आणि फुकटात वेग मिळतो. दोस्ताला हा धंदा फार आवडतो. मला नाही, कारण वरून कधी ऊस घसरेल याचा नेम नसतो आणि कण्यात बसलेला ऊस गोड लागत नाही. त्यातून ट्रॅक्टरवरच्या स्पीकरची गाणी. एक ट्रॅक्टर गेला की पुढची पाच मिनिटं कान शिट्टी वाजवत राहतात.

वीसेक किलोमीटरवर नान्नज. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा दिसायला लागल्या की गाव आलं समजायचं. इथल्याच नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' हा द्राक्षाचा वाण शोधला. सोलापूरचा सो, नान्नजचा ना, काळेंचा का. लहानपणापासून सोनाका खात आलो, पण त्या नावात आपलं गाव बसलंय हे मला बागेच्या बांधावर उभं राहून कळलं. सांगणारा शेतकरी इतक्या सहज सांगून गेला, की मला माहीत नव्हतं हे मी कबूलच केलं नाही.

नान्नजमधून मार्डीच्या रस्त्याला वळलो आणि बागा एकदम संपल्या. पुढं नुसतं गवत. वाळून सोनेरी झालेलं, गुडघ्याएवढं, वाऱ्यानं एका बाजूला निजलेलं. झाड म्हणाल तर लांबवर एखादी बाभूळ. हेच माळढोक अभयारण्य. बी. एस. कुलकर्णी या सोलापूरच्या पक्षीनिरीक्षकांनी १९७० च्या दशकात इथल्या माळढोकाकडं सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य झालं. कागदावर ते सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले, राग पक्ष्यावर निघाला. पुढं ते आवळून १,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं.

पण हे सगळं सायकलवर सुचत नाही. सायकलवर आधी आवाज येतो. मोटारीत बसून या माळावरून मी किती वेळा गेलोय, चंडोल कधी ऐकला नव्हता. तो हवेत एका जागी लटकून गातो, मग दगड पडावा तसा गवतात पडतो. आम्ही थांबलो. चेनची करकर थांबली तसं माळावर किती काय चाललंय ते कळायला लागलं. डाव्या अंगाला काळविटांचा कळप होता. आम्ही पायडल मारत होतो तोवर ते निवांत चरत होते. आम्ही उतरलो तशा सगळ्या माना वर. चाकावरचा माणूस त्यांना चालतो, दोन पायांवरचा चालत नाही. एका काळ्याकुळकुळीत नरानं दोन उड्या मारून दाखवल्या आणि कळप टेकाडापलीकडं गेला. लांडगा दिसेल म्हणून मी उगाच अर्धा तास काढला. दिसलं ते एक खोकड, तेही शेपूट फक्त.

अभयारण्यात काम करणारे एक काका रस्त्याकडेला भेटले. त्यांना विचारलं, "माळढोक हाय का हो काका?"

त्यांनी माळाकडं बघितलं. "लई दिवस झाले बघा," म्हणाले.

एवढा मोठा पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्यावर, जमिनीवर. त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळं विजेच्या तारांवर आदळतो. त्याला लांबवर मोकळं लागतं. आणि आपण काय केलं, तर माळ 'मोकळा' दिसतो म्हणून त्यावर झाडं लावली. गिरिपुष्पाच्या लागवडीचे पट्टे इथं अजून दिसतात. झाड आलं की त्यावर शिकारी पक्षी बसायला जागा होते आणि खाली अंडी घालणाऱ्यांची पंचाईत. आपल्याकडं सातबाऱ्यावर असल्या जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात. पोटाला उपयोगाची नाही ती खराब, असाच मी त्याचा अर्थ लावत आलो. मी शेतकऱ्याच्याच घरातला, हा शब्द हजारदा ऐकलाय. काळविटाचं पोट त्यात धरलेलं नाही हे आता लक्षात आलं.

माळानं माझ्यावर सूड उगवला तो लगेच. मार्डीला यमाईचं दर्शन घेऊन परत फिरताना पुढचं चाक बसलं. सराटा. चारी बाजूंना काटे असलेला हा पठ्ठ्या कसाही पडला तरी एक टोक वर असतंच. ट्यूब बदलली. वैरागच्या अलीकडं मागचं चाक बसलं, आणि जादा ट्यूब एकच आणलेली. शहाणपणा! दोस्तानं दोन आणल्या होत्या, पण त्याची चाकं वेगळ्या मापाची.

चार किलोमीटर सायकल ढकलत वैराग गाठलं. पंक्चरवाल्या मामांनी व्हॉल्व्ह उलटापालटा करून बघितला. त्यांच्या कंप्रेसरचं तोंड त्याला बसेना. "एवढ्या महागाची सायकल, आन् टायर एवढं बारीक दिलंय व्हय?" म्हणत त्यांनी आमच्याच हातपंपानं थोडी हवा भरायला लावली, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे बघून खूण केली, कानशीनं घासलं, सोल्युशन लावलं आणि फुंकर मारत बसले. घाई नाही. मग टायरच्या आतून बोट फिरवून आणखी एक सराट्याचं टोक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "हे ऱ्हायलं असतं तर पानगावात परत बसला असता." तीस रुपये घेतले. त्यांनी लावलेला तुकडा अजून टिकून आहे.

बार्शीत आत्याकडं पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तिच्याकडं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वांग्याची भाजी. वर कुणीतरी शेतातून आणून दिलेला हुरडा. सायकलवाल्यांच्या पाकिटातल्या त्या च्युइंगगमसारख्या खाऊचं नाव मी तिथं काढलंच नाही. आत्याला सायकलीपेक्षा आमच्या वेगात रस. "एवढ्या वेळात तर आमची लाईट रेल्वेपण आली असती," म्हणाली. बार्शी लाईट रेल्वे हा इथल्या घराघरातला विषय. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणलेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांची गाडी. पुढं ती लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत गेली. चालत्या गाडीतून उतरून, शेतातली पेंडी उचलून परत डब्यात चढता यायचं, असं आत्या शपथेवर सांगते. आता ब्रॉडगेज झालं, पेंडीची सोय गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच भगवंताच्या देवळासमोरून निघालो. पांगरीच्या पुढं बालाघाटाच्या टेकड्या जवळ यायला लागतात आणि दोन दिवसांत पहिल्यांदा गिअर खाली उतरवावे लागतात. चढ अंगावर येणारा नाही, चिवट आहे. संपला म्हणेपर्यंत पुढं आणखी थोडा असतो.

येडशीचं रामलिंग मात्र चहावाल्यालाही जंगल म्हणावं लागलं असतं. रस्ता सोडून खाली उतरलं की हवाच बदलते. खाली दरी, दरीत देऊळ, देवळाला वळसा घालून जाणारा ओढा. रावणाशी लढताना जटायू इथं पडला अशी कथा, म्हणून त्याची समाधी दाखवतात. जानेवारीत ओढ्याला जेमतेम पाणी होतं आणि झाडं अर्धी उघडी पडलेली, पण पाचोळ्यावर पाय पडला की कुरकुर, आणि वरच्या अंगाला कुठंतरी मोर ओरडत होता. माकडांनी दोस्ताची केळी हँडलच्या पिशवीतून अशी उचलली की त्याला चेन उघडल्याचं कळलंही नाही. पावसाळ्यात इथला धबधबा बघायला गर्दी लोटते. हिवाळ्यात आम्ही दोघं, पुजारी आणि माकडं.

हे अभयारण्य १९९७ चं, साधारण २२ चौरस किलोमीटरचं. ओढ्याकाठी बसून मी आकडे शेजारी ठेवून बघितले. जे जंगलासारखं दिसतं ते बावीस. जे दिसत नाही ते आवळूनही बाराशे. आणि मी चार वर्षं सायकल टपावर बांधून बावीसवाल्याच्याच शोधात सहा तास जात होतो.

येडशी ते सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग, त्याबद्दल लिहिण्यासारखं थोडंच. रुंद आहे, गुळगुळीत आहे, ट्रक भरपूर आहेत. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर राहा. तुळजापूरला आईच्या कळसाला लांबूनच हात जोडले आणि घाट उतरलो. दोनशे किलोमीटरची सगळी मजुरी त्या घाटात वसूल झाली. कोजागरीला हाच रस्ता हजारो लोक पायी चढतात, मीही दोनदा चढलोय. तेव्हा तळपायाला कळलेला चढ आता ब्रेकवरच्या बोटांना कळत होता. पुढं वारं पाठीशी होतं. हिप्परग्याच्या तलावाशी सूर्य टेकला होता, पण दोघांचीही थांबायची तयारी नव्हती. घरची भाकरी दिसत होती.

पुढच्या रविवारी विजापूर रोड. वनविहाराशेजारून जाताना दोस्तानं बोट दाखवून "जंगल" म्हणून घेतलं. वडकबाळच्या पुलावरून सीना ओलांडताना थांबलो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुरानं काठच्या गावांची दैना केली. त्या पाण्यानं आणलेल्या चिंध्या आणि उसाचं पाचट बाभळींच्या शेंड्यांत अजून अडकलं होतं. खाली नदी पाय बुडेल एवढी. दुष्काळी जिल्ह्यातली नदी अशी झाडाच्या शेंड्यावर बघायची सवय आम्हाला नाही.

पुढं तेरामैल. नावातच अंतर, इंग्रजी मैलांतलं. तिथून मंद्रूप भागात महामार्ग सोडला आणि डावीकडं गावरस्त्यांना लागलो. डांबर कधी आहे, कधी होतं. आता आपण दोन नद्यांच्या बेचक्यात, डावीकडं सीना, उजवीकडं भीमा. जमीन काळी, ज्वारी कणसावर आलेली. रस्त्यावर माणसं मराठीत पत्ता सांगतात आणि आपसात कन्नडमध्ये आमच्या चड्ड्यांबद्दल बोलतात. दोस्ताला कन्नड येतं. त्यानं भाषांतर करायला साफ नकार दिला.

हत्तरसंग कुडलला रस्ताच संपतो. देवळामागं भीमा आणि सीना मिळतात, पलीकडच्या काठाला कर्नाटक. दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसतील अशी माझी आशा होती. दोन्ही सारखीच मातकट. हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. मोजायला लागलो आणि चाळीसच्या पुढं चुकलो. शेजारच्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. सोलापूरचे शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीतला सगळ्यात जुना लेख कोणता यावर अभ्यासकांचा वाद चालू असतो, पण त्या पंगतीत याचं पान मांडलेलं असतंच. मान वर करून, हेल्मेट काढून, उन्हाची तिरीप येईपर्यंत थांबून आम्ही अक्षरं लावत बसलो. 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचेल तो विजयी होईल.

"वाचलं की आपण," दोस्त म्हणाला. "चल, आता विजयानं घरी जाऊ."

बाहेर आलो तर त्याचं पुढचं चाक जमिनीला टेकलेलं. त्यानं वाकून सराटा उपटला आणि न बोलता माझ्याकडं पंपासाठी हात पुढं केला.